मालिकेतले बाबासाहेब आणि घरातले प्रेक्षक

आमच्या वस्त्यांतून आज कोणत्याही घरात पाऊल ठेवले, तर भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा दिसते आणि त्याच भिंतीला लागून दूरचित्रवाणीचा संच दिसतो. प्रतिमेकडे दिवसातून एकदा पाहिले जाते; संचाकडे तीन-चार तास पाहिले जाते. ग्रंथ वाचणाऱ्यांची संख्या थोडी आणि मालिका पाहणाऱ्यांची संख्या अमाप, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. ज्या मुलाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा एकही खंड उघडलेला नाही, त्याच्याही मनात बाबासाहेबांचे एक चित्र तयार आहे, आणि ते पुष्कळ अंशी पडद्यावरून आलेले आहे. पाठ्यपुस्तकात एखादे वाक्य चुकले तर आम्ही निवेदने देतो. मग जे पाठ्यपुस्तक रोज रात्री घरात येऊन उघडते, त्याची परीक्षा करावयाची नाही, हे कसे चालेल?

गेल्या काही महिन्यांत न्यायालयीन कामकाज आटोपल्यावर प्रस्तुत लेखकाने पाच कृती क्रमाने पाहिल्या. स्टार प्रवाह वाहिनीवरील 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा', अँड टीव्ही वाहिनीवरील हिंदी 'एक महानायक : डॉ. बी. आर. आंबेडकर', श्याम बेनेगल यांची 'संविधान', आणि वर्गणी भरून पाहावयाच्या मंचांवरील 'मेड इन हेवन' व 'दहाड' या त्या पाच कृती होत. त्यांविषयीचे मत येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. मत देताना एकच कसोटी लावली आहे. ती अशी की, ही कृती पाहून झाल्यावर प्रेक्षकाचे हात नुसतेच जोडले जातात, की त्याच्या तोंडून एखादा प्रश्न बाहेर पडतो?

गौरवगाथेचा गुण आणि तिची मर्यादा

स्टार प्रवाहवरील मालिका १८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सुरू झाली आणि २०२० पर्यंत चालली. तिचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या वेळेला मराठी घरांतून सासू-सुनांची भांडणे पाहण्याचा रिवाज आहे, त्या वेळेला बाबासाहेबांचे चरित्र सर्व जातींच्या दिवाणखान्यांत पोहोचले, ही लहान गोष्ट नव्हे. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका संयमाने केली. आवाज चढविण्याचा मोह त्यांनी पुष्कळदा टाळला. शिवानी रांगोळे यांची रमाई पाहताना अनेक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचे डोळे पाणावले. आदर्श शिंदे यांच्या आवाजातील शीर्षकगीत तर मालिका संपल्यावरही जयंतीच्या मिरवणुकांतून ऐकू येत राहिले.

तथापि, दैनंदिन मालिकेचे यंत्र कसे चालते, हे समजून घेतल्याशिवाय तिचा न्याय करता येणार नाही. केबल दूरचित्रवाणी जाल नियम, १९९४ अन्वये एका तासात बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखविता येतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात कथेला फार तर चोवीस मिनिटे उरतात. त्यातही प्रेक्षक उद्या परत यावा म्हणून प्रत्येक भाग एखाद्या अडलेल्या क्षणी थांबवावा लागतो. अपमान हा असा क्षण आहे; आजारपण हा असा क्षण आहे; आईच्या डोळ्यांतील अश्रू हाही असा क्षण आहे. परंतु युक्तिवाद हा असा क्षण नव्हे. एखादे प्रमेय मांडावे, त्याचे खंडन-मंडन व्हावे आणि श्रोत्याला निष्कर्षापर्यंत न्यावे, यासाठी सलग वेळ लागतो आणि शांतता लागते. दैनंदिन मालिकेजवळ दोन्हींचा तुटवडा असतो. म्हणून ती बाबासाहेबांचे दुःख पुरेपूर दाखविते आणि विचारापाशी आली की पार्श्वसंगीत वाढविते.

एक उदाहरण घेऊ. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले. ते दृश्य पडद्यावर कोणीही दाखवील, आणि दाखवावेच. पण त्या ओंजळीच्या आधी आणि नंतर काय आहे? आधी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने संमत केलेला सी. के. बोले यांचा ठराव आहे आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली केलेला ठराव आहे. नंतर डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सनातन्यांनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दाखल केलेला दिवाणी दावा आहे, तात्पुरता मनाईहुकूम आहे, आणि तो हुकूम हाती असताना सत्याग्रह करावा की कायद्याचा मान राखावा, याविषयी २५ डिसेंबरच्या परिषदेत झालेली रात्रंदिवस चर्चा आहे. त्यानंतर कनिष्ठ न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंतची सुमारे दहा वर्षे आहेत. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादिकालापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हे त्या निर्णयाचे सार होते.

वाचकहो, वकिली व्यवसायातील मनुष्य म्हणून सांगतो, याहून उत्कंठावर्धक कथानक कोणता लेखक कल्पनेने रचू शकेल? रूढी म्हणजे काय, ती किती जुनी असावी, ती सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, असे प्रश्न येथे उभे राहतात आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर लक्षावधी माणसांचे पाणी अवलंबून असते. परंतु मालिका पाहून उठणाऱ्या मुलाला ओंजळ आठवते. न्यायालयातील दहा वर्षे आठवत नाहीत. परिणाम असा होतो की, पाणी एका दिवसात मिळाले, अशी त्याची समजूत होते. हक्क एका दिवसात मिळतो असे ज्याला वाटते, तो दुसऱ्या दिवशी हताश होतो.

खलनायकाचे संकट

अँड टीव्हीवरील हिंदी मालिका १७ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली. ती बालपणावर फार काळ रेंगाळली. लहान भीमराव, त्याचे आईवडील, भोवतालचे दुष्ट सावकार व पुरोहित, रोज नवा छळ आणि रोज त्या बालकाच्या तेजाने झालेला पराभव, असा तिचा साचा आहे. हा साचा आम्हांला परका वाटत नाही, याचे कारण तो आम्ही पूर्वी पाहिलेला आहे. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामायण आणि पाठोपाठ महाभारत आले, तेव्हापासून दिव्य बालकाच्या लीला दाखविण्याची एक रीत पडद्यावर रूढ झाली. त्या रीतीत नाव बदलले की नवी मालिका तयार होते.

परंतु या रीतीने जातीचे खरे स्वरूप झाकले जाते. बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. त्यांतील १९०१ सालच्या प्रवासाचा प्रसंग पाहावा. साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतो. मुले आपली जात सांगतात आणि त्याचा चेहरा पालटतो. गाडीवान गाडी हाकावयास तयार होत नाही; शेवटी दुप्पट भाडे घेऊन, बैल मुलांनीच हाकावेत आणि आपण बरोबर पायी चालावे, असा तोडगा निघतो. पुढे जकात नाक्यावर पाणी मागितले तर पाणी मिळत नाही. या साऱ्या प्रसंगात खलनायक कोण? स्टेशनमास्तर काही राक्षस नव्हता. गाडीवानही दुष्ट नव्हता. त्याला भाडे हवे होते आणि बाटही नको होता. साधी, सज्जन, पोटापाण्यामागे लागलेली माणसे मिळून एका तहानलेल्या मुलाला पाणी देत नाहीत, हीच जातीची भयानकता आहे.

मालिकेला खलनायक लागतो. मिशा पिळणारा, डोळे वटारणारा सावकार दाखविला, की दिवाणखान्यात बसलेला सवर्ण प्रेक्षक निर्धास्त होतो. 'मी असा नाही,' असे तो मनाशी म्हणतो आणि त्याच घरात कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवतो. आमचा प्रेक्षकही फसतो. छळ करणारा असा भेसूर दिसत असेल, तर गोड बोलून भाड्याची खोली नाकारणाऱ्या घरमालकाला तो ओळखणार कसा?

इतके सांगूनही या मालिकेला तुच्छ लेखण्याची चूक कोणी करू नये. २०२० साली ती कन्नड भाषेत 'महानायक' या नावाने दाखविली जाऊ लागली, तेव्हा तेथील वाहिनीच्या प्रमुखांनी आपणांस धमक्या येत असल्याचे जाहीर केले. त्यावर कर्नाटकातील गावोगावच्या तरुणांनी काय केले? त्यांनी वर्गणी काढून मालिकेचे फलक आपल्या गावांच्या वेशींवर उभारले. एका मालिकेचे प्रक्षेपण चालू राहावे, हा तेथे स्वाभिमानाचा प्रश्न झाला. ज्या कृतीला थांबविण्यासाठी कोणी धमकी देतो, तिच्यात काही शक्ती असलीच पाहिजे. त्या शक्तीचा उपयोग विचारासाठी झाला नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

वादविवादाचेही नाटक होते

मालिकेत विचार दाखविता येत नाही, प्रेक्षक कंटाळतो, असे निर्माते म्हणतात. या म्हणण्याला बेनेगल यांनी २०१४ सालीच उत्तर देऊन ठेविले आहे. राज्यसभा वाहिनीवर २ मार्च २०१४ पासून दाखविलेली 'संविधान' ही दहा भागांची मालिका म्हणजे जवळजवळ एक अखंड वादविवाद आहे. घटना समितीचे कामकाज ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. या काळातील चर्चांचे छापील वृत्तांत हाच या मालिकेचा कच्चा माल आहे. सचिन खेडेकर यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. ते येथे रडत नाहीत आणि चमत्कारही करीत नाहीत. ते उभे राहतात, विरोधकाचे म्हणणे ऐकतात, त्यातील ग्राह्य अंश मान्य करतात आणि उरलेल्याचे खंडन करतात. मूलभूत हक्क, अल्पसंख्याकांचे संरक्षण, भाषेचा प्रश्न, मालमत्तेचा हक्क, हे विषय भागाभागांतून उलगडतात.

या मालिकेतही दोष आहेत. निवेदन काही ठिकाणी शाळकरी वाटते आणि दहा भागांत तीन वर्षे कोंबताना अनेक सभासदांच्या वाट्याला एकेक वाक्यच आले आहे. तथापि, पाचही कृतींत प्रश्न विचारावयास लावणारी हीच होती. ती विनामूल्य पाहता येते, आणि तरीही आमच्या वस्त्यांत तिचे नाव ऐकलेली माणसे थोडी आहेत, याचा दोष मात्र बेनेगल यांच्याकडे जात नाही. २३ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या चित्रपटांच्या आठवणी निघाल्या. ही मालिका त्यांचे महत्त्वाचे काम होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी दिलेला इशारा येथे आठवला पाहिजे. धर्माच्या क्षेत्रात भक्ती कदाचित मुक्तीकडे नेत असेल. राजकारणात मात्र भक्ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. त्याच्याही आधी, १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर व्याख्यान देताना त्यांनी विभूतिपूजेवर कठोर प्रहार केले होते. आता ज्याने आयुष्यभर विभूतिपूजेचा निषेध केला, त्याचीच विभूती करून रोज रात्री दाखवावी आणि आम्ही हात जोडून पाहावी, ही विसंगती कोणाला खुपत नाही काय? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने अवताराची कल्पना त्यागलेली आहे. अवतार दाराने बाहेर घालविला आणि तो पडद्यावरून परत आत आला, असे होऊ देणे आम्हांला शोभत नाही.

धर्मांतराच्या चित्रणाला हेच लागू पडते. मालिकेच्या रचनेत दीक्षाभूमीचा समारंभ हा शेवटच्या भागांतील सोहळा ठरतो: पांढरी वस्त्रे, अथांग समुदाय, गंभीर संगीत. वास्तविक, येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षे ही धर्मांतराची खरी कथा आहे. मे १९३६ अखेर मुंबईच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांपुढे धर्मांतराची कारणे एकामागून एक मांडली, जणू ज्यूरीपुढे खटला चालवावा तशी. ज्याने अनुयायांना आज्ञा दिली असती तर ती पाळली गेली असती, तो मनुष्य आज्ञा न देता एकवीस वर्षे कारणे देत राहिला. हे ज्या मालिकेतून उमगत नाही, तिने सोहळा दाखविला. धर्मांतर दाखविले नाही.

शेजारी म्हणून आम्ही कोठे आहोत?

आता कल्पित कथांकडे वळू. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वातील पाचवा भाग नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केला आहे. राधिका आपटे यांनी त्यात पल्लवी मेनके ही दलित विदुषी साकारली. आपला विवाह बौद्ध पद्धतीने झालाच पाहिजे, असा तिचा आग्रह आहे, आणि बुद्ध व बाबासाहेब यांच्या साक्षीने तो होतो. यात कोणी मार खात नाही, कोणाचे घर जळत नाही. एक सुशिक्षित मुलगी आपल्या सासरच्या सभ्य माणसांना सभ्यपणे सांगते की, मी जे आहे ते लपविणार नाही. लेखिका यशिका दत्त यांनी या पात्रात आपल्या जीवनाचा व लेखनाचा अंश असूनही श्रेय दिले नाही, अशी जाहीर तक्रार केली. निर्मात्यांनी ती नाकारली. हा वाद बाजूला ठेवूनही म्हणावे लागते की, आमच्या घरातील विवाहविधी इतक्या सहज सन्मानाने पडद्यावर क्वचितच आला असेल.

'दहाड' ही मे २०२३ मधील मालिका राजस्थानात घडते. सोनाक्षी सिन्हा यांनी त्यात अंजली भाटी नावाची उपनिरीक्षक उभी केली आहे. ती जवळून गेली की ठाण्यातील एक सहकारी उदबत्ती ओवाळतो. कोणी आरडाओरडा करीत नाही, आणि तरी सारे कळते. घरात शिरू न देणाऱ्या उच्चवर्णीयाला ती संविधानाची व तुरुंगाची आठवण करून देते. शेवटी, वडिलांनी सुरक्षिततेसाठी घेतलेले आडनाव टाकून ती आपले मूळ मेघवाल हे नाव परत घेण्यासाठी अर्ज करते. मसूरच्या स्टेशनमास्तरचा वंशज कसा दाखवावा, हे या उदबत्तीवरून मराठी निर्मात्यांनी शिकावे.

परंतु या दोन्ही कृती हिंदी-इंग्रजीत आहेत आणि वर्गणी भरणाऱ्यांसाठी आहेत. मराठी दैनंदिन मालिकांत काय आहे? २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत. म्हणजे राज्यातील दर सतरा माणसांमागे एक. मालिकांतील घरांत देव्हारा असतो, व्रतवैकल्ये असतात, गणपतीचे व मंगळागौरीचे विशेष भाग असतात. त्यांना आमचा आक्षेप नाही. ज्याचे त्याचे सण आहेत. पण त्याच इमारतीत एखादे बौद्ध कुटुंब राहते, त्यांच्या घरी बुद्धपौर्णिमेला खीर होते, त्यांची मुलगी बँकेत अधिकारी आहे आणि तिचेही आपल्या सासूशी भांडण होते, असे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले नाही. आम्ही पडद्यावर एक तर महामानव म्हणून येतो किंवा पीडित म्हणून येतो. शेजारी म्हणून येत नाही. सतरा माणसांच्या घोळक्यातून सतरावा नेहमीच गाळला जात असेल, तर ती विस्मृती निरागस म्हणता येणार नाही.

बंदी मागू नका, उत्तर मागा

येथे एका अप्रिय गोष्टीला हात घालणे प्राप्त आहे. एखाद्या मालिकेत चूक झाली की, ती बंद करा, गुन्हा नोंदवा, अशी मागणी आमच्यातूनही निघते. त्यामागील वेदना समजते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमात २०१५ च्या सुधारणेने, या समाजांना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान करणे हा गुन्हा ठरविला आहे. हे शस्त्र आवश्यक आहे. परंतु ते अवमानासाठी आहे; सुमार संवादलेखनासाठी नाही. शस्त्र उठता-बसता उपसले, तर ज्या दिवशी खरा अवमान होईल त्या दिवशी न्यायालय ते बोथट झालेले पाहील.

१९८८ च्या आरंभीचे दिवस आठवा. बाबासाहेबांचा 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ शासनाच्या खंडांत प्रसिद्ध झाल्यामुळे काहींच्या भावना दुखावल्या आणि त्यातील परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली. तिच्या विरोधात फेब्रुवारीत आमचे लक्षावधी लोक मुंबईच्या रस्त्यांवर उतरले. भावना दुखावतात म्हणून विचार दडपता येणार नाही, हेच त्या मोर्चाचे म्हणणे होते. त्याच महिन्यात, १६ फेब्रुवारी १९८८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गोविंद निहलानी यांच्या 'तमस' या फाळणीवरील मालिकेवर बंदी घालण्यास नकार दिला. एखाद्या शब्दाचा वा दृश्याचा परिणाम दुबळ्या व धरसोड वृत्तीच्या माणसावर काय होईल यावरून न मोजता, विवेकी, खंबीर व धैर्यवान माणसाच्या दृष्टीने मोजावा, हा तेथे स्वीकारलेला दंडक न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली नागपूरच्या उच्च न्यायालयात घालून दिला होता. आम्ही स्वतःस विवेकी, खंबीर व धैर्यवान समजतो की नाही? समजत असू, तर आम्ही बंदी मागणारे नव्हे, उत्तर मागणारे प्रेक्षक झाले पाहिजे.

उत्तर मागण्याचा हक्क आमच्या हाती आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. चवदार तळे जसे नगरपालिकेचे, तशा या लहरी जनतेच्या. केबल नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार कोणाही प्रेक्षकाला प्रथम वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. वाहिनीने पंधरा दिवसांत निर्णय कळवावयाचा असतो. समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियंत्रण मंडळाकडे व त्यानंतर केंद्र शासनाकडे जाता येते. तक्रार करताना 'भावना दुखावल्या' एवढेच लिहू नये. कोणत्या तारखेच्या भागात, कोणता प्रसंग, कोणत्या लेखी आधाराशी विसंगत आहे, ते लिहावे. आधार असलेली दहा पत्रे हजार घोषणांना भारी पडतात.

आमच्या शहरातीलच एक उदाहरण घ्या. दूरचित्रवाणीवरून दैवी गुणांचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या जाहिरातींविरुद्ध एका नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठाने निर्णय दिला की, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अशा जाहिराती बेकायदेशीर असून त्या दाखविणाऱ्या वाहिन्याही जबाबदार ठरतात. याउलट १९८८ साली 'होनी अनहोनी' ही मालिका अंधश्रद्धा पसरविते म्हणून लोकविज्ञान संघटनेने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला नव्हता. दोन्ही निर्णय जुळवून वाचले म्हणजे कायद्याची दृष्टी स्पष्ट होते. कथा सांगण्याचे स्वातंत्र्य मोठे आहे. श्रद्धेचा बाजार मांडून फसविण्याचे स्वातंत्र्य नाही. ज्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, तेथे बाबासाहेबांची मालिका पाहताना मध्येच यंत्राची व ताईताची जाहिरात आली, तर रिमोट दाबून गप्प बसणे पुरेसे नाही.

आपण काय करावे

नाटकाशी आमचे नाते परके नाही. सत्यशोधकांचे जलसे झाले, त्यापाठोपाठ भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे झाले. त्यांत गाणे होते, विनोद होता, आणि मध्यभागी सवाल-जवाब होता. प्रेक्षक हसत हसत वाद शिकून घरी जात असे. याच शहरात, नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयात, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले आणि पुढच्या वर्षी नागपुरात दीक्षेच्या वेळी पुन्हा झाले. युगानुयुगांचा प्रवास त्या नाटकाने मांडला तो रंगमंचाच्या तुटपुंज्या साधनांनिशी. आजच्या निर्मात्यांजवळ साधने आहेत आणि छापील आधारही आहेत. उणीव आहे ती विचारावर विश्वास ठेवण्याची.

तो विश्वास प्रेक्षकानेच त्यांना शिकवावा लागेल. प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा 'संविधान'चा एक भाग सामुदायिकपणे पाहावा आणि नंतर अर्धा तास चर्चा करावी. दहा महिन्यांत दहा भाग होतात. घरी मालिका पाहताना मुलाला एकच प्रश्न विचारावा की, यातील काय घडले आणि काय रचले? त्याला उत्तर आले नाही, तर त्याच्या हाती ग्रंथ द्यावा. आणि मराठी वाहिन्यांना पत्रे लिहावीत, ज्यांत महाडच्या दाव्यावर मालिका मागावी, येवल्यापासून नागपूरपर्यंतच्या एकवीस वर्षांवर मालिका मागावी, आणि एखाद्या साध्या कौटुंबिक मालिकेत एक साधे बौद्ध कुटुंबही मागावे.

बाबासाहेबांनी आम्हांला शिका, असे सांगितले, आणि शिकणाऱ्याचे पहिले लक्षण म्हणजे तो प्रश्न विचारतो. आज रात्री संच लावाल तेव्हा हात मोकळे ठेवा. एखादे टिपण करावयाचे झाले तर ते उपयोगी पडतील.